ढाली मोडीत निघाल्या!

दसऱ्याचे सोने वाटून झाले की आमच्याकडे घराघरांतून केरसुण्या उठतात. माळ्यावरची जळमटे खाली येतात, पितळेच्या डब्यांना चिंच लागते आणि रद्दीवाल्याची हाळी ऐकू आली की गृहिणींचे डोळे लकाकतात. घरात हे शोभून दिसते. पण हीच झाडलोट एखाद्या शिक्षणसंस्थेत शिरली म्हणजे काय होते, ते गेल्या वर्षी कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या शिवेवरच्या एका संस्थेच्या फाटकात उभा राहून मी पाहिले. संस्थेचे नाव विचारू नका. तिथे आपापल्या गावच्या संस्थेचे नाव घातलेत तरी वाचकहो, तुमचे फारसे चुकायचे नाही.

फाटकात हातगाडी उभी होती. भंगारवाल्यापुढे चषकांचा ढीग. तो एकेक चषक उचलायचा, चाकूच्या टोकाने बुडाशी खरवडायचा; पितळ निघाले तर एका पोत्यात, नुसता पत्र्यावरचा मुलामा निघाला तर दुसऱ्या. ढालींची तऱ्हा निराळी. त्यांच्यावरचे पत्रे तो पक्कडीने उचकटून घेई आणि लाकूड बाजूला भिरकावून देई. मी ते लाकूड उचलू लागलो तेव्हा तो दिलदारपणे म्हणाला, "न्या मास्तर, दिवाळीत बंबात घालायला होईल!"

आणि हे कशासाठी? तर मूल्यांकनाची समिती यायची होती आणि तिला दाखवायच्या फायली ठेवायला कपाट कमी पडत होते. त्या फायलींतल्या एकीवर 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास' असे ठळक अक्षरांत लिहिले होते. ती फाईल ढालींच्या जागी गेली. मी कादंबऱ्या लिहितो. पण असा प्रसंग कादंबरीत घातला असता तर संपादकांनी 'फार ओढूनताणून झाले आहे' म्हणून परत केला असता.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. कॉलेजच्या वर्गात बसण्याचे नशिबात नव्हते. पण कॉलेजच्या मैदानाच्या कडेला बसायला कुणी दाखला मागत नाही. तेव्हा गेली वीस-पंचवीस वर्षे मी तिथे बसत आलो आहे. खोपोली-कर्जतकडची कबड्डी चुन्याच्या रेघेबाहेर उकिडवा बसून पाहिली, आणि सुटीच्या दिवशी पहाटेची लोकल धरून मुंबईच्या आझाद मैदानावर कॉलेजांचे क्रिकेटही. माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात कॉलेजांचे जुने वार्षिक अंक आहेत, कात्रणे आहेत, सामन्यांची हस्तपत्रके आहेत, एका खेळाडूच्या छातीवरचा कापडी आकडा आहे. आमच्या घरात या ट्रंकेला 'मास्तरांचे देवघर' म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांच्या स्वरात भक्ती मुळीच नसते.

त्या वार्षिक अंकांतले संघांचे फोटो पाहावेत. पुढच्या रांगेत प्राचार्य, जिमखान्याचे चिटणीस, मधोमध कर्णधार आणि त्याच्या पायाशी ढाल. खाली बारीक टाइपात 'बसलेले, डावीकडून', 'उभे, डावीकडून', आणि मग नावे. शिपायाचेसुद्धा नाव असे. आज हे अंक निघतात तेव्हा गुळगुळीत कागदावर रंगीत निघतात आणि पहिल्या आठ पानांवर विश्वस्त असतात. खेळाडूंचा फोटो असलाच तर खाली एवढेच, 'आमचा विजयी संघ'. कोण हो हा संघ? याला आईबापांनी नावे ठेवली नव्हती काय?

कॉलेजचा खेळ म्हणजे पोरांचा टाइमपास असे ज्यांना वाटते, त्यांनी जरा मागे वळून पाहावे. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक दि. ब. देवधर १९२६ साली एम. सी. सी.विरुद्ध १४८ धावा काढतात, पुढे पन्नाशीच्या उंबऱ्यावर महाराष्ट्राला लागोपाठ दोनदा, १९३९-४० आणि १९४०-४१ साली, रणजी करंडक जिंकून देतात. व्याकरण आणि फलंदाजी एका माणसात नांदत होती आणि कुणाला त्यात नवल वाटत नव्हते. दिलीप सरदेसाई मडगावचा मुलगा, १९५७ साली मुंबईला आला. १९५९-६०च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत, म्हणजे विद्यापीठांच्या क्रिकेटमध्ये, त्याने ४३५ धावा केल्या आणि जाणत्यांच्या नजरेत भरला. १९७१ साली किंग्स्टनला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने २१२ धावा काढल्या त्या सगळ्या देशाला ठाऊक आहेत. पण त्या २१२चे बी त्या ४३५त होते, आणि त्या ४३५ आपल्याला ठाऊक आहेत त्या केवळ कुणीतरी गुणपुस्तकात नीट लिहून ठेवल्या म्हणून.

आणि खाशाबा! कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ला हेलसिंकीला जायचे तर पैसा नाही. तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. प्राचार्याने घर गहाण टाकले, एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी! खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मिरवणूक संपल्यावर या गड्याने पुन्हा आखाड्यात उतरून कुस्त्या केल्या आणि प्राचार्यांचे पैसे फेडले.

पुढचे आपले कर्तृत्व ऐका. १९८४ साली अपघातात खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्तीचे संकुल बांधण्याचे आश्वासन सरकारने दिले आणि ते इतके रेंगाळले की २०१७ साली घरच्या माणसांना ते पदकच लिलावात काढण्याची भाषा करावी लागली. जे पदक आणण्यासाठी एका प्राचार्याने घर गहाण टाकले, ते पदक विकायला काढायची वेळ आपण आणली. मग २०२४च्या ऑगस्टात कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवले, तेव्हा वर्तमानपत्रे धावत सुटली की महाराष्ट्राला बहात्तर वर्षांनी वैयक्तिक पदक! बहात्तर वर्षांचा आकडा मोजता आला, हेच पुष्कळ म्हणायचे.

कुणी म्हणतील, मास्तर, तुम्हाला साहेबांचे वेड लागले आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजची नावांची शर्यत १८२९ पासूनची, तिचा हिशेब ते ठेवोत. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसे बसोत. आपल्याला काय त्याचे? खरे आहे. अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाचा बाजार मला मुळीच नको. तिथे प्रशिक्षकाला राजाचा पगार आणि खेळाडूला आपल्या नावाचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली २०२१ साली. पण तिथला साधा दुकानदार आपल्या गावच्या कॉलेजचा चाळीस वर्षांपूर्वीचा संघ तोंडपाठ म्हणून दाखवतो, एवढी एकच गोष्ट मी त्यांच्याकडून उसनी मागतो. तिला पैसा लागत नाही.

"पण जुन्या नोंदी ठेवून कुणाचे पोट भरते?" हा प्रश्न मला आमच्या कार्यालयातल्या एका सभ्य गृहस्थांनी विचारला होता. त्याचे उत्तर देताना मला एक कबुली द्यावी लागेल.

आमचा एक विद्यार्थी होता, डोंगरातल्या एका ठाकूरवाडीतला. कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचा. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा त्याच्या पंजात आला की सुटायचा नाही. शाळेच्या संघातून कॉलेजच्या संघात गेला, जिल्ह्याबाहेर खेळून आला. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव आहेत. त्या जागेसाठी त्याने अर्ज केला. आता या पाच टक्क्यांवर बोगस प्रमाणपत्रवाल्यांची धाड कशी पडली ते सर्वांना ठाऊक आहे. ट्रॅम्पोलिनवर कधी पाय न ठेवलेलेही ट्रॅम्पोलिनचे खेळाडू निघाले. तेव्हा पडताळणी कडक झाली, आणि व्हायलाच हवी होती. याचे प्रमाणपत्र खरे होते. पण त्याच्यामागची मूळ नोंद, संघाची यादी असलेली वही, दाखवा म्हणाले. पोरगा आमच्या दारी आला. वही नव्हती. ती आदल्या वर्षी रद्दीत गेली होती. निरुपयोगी कागदपत्रांच्या यादीवर समितीच्या तीन सह्या होत्या. तिसरी माझी.

न वाचता केली होती. सगळेच करतात. तो मुलगा माझ्यावर रागावला नाही. "असू द्या गुरुजी" म्हणून पायऱ्या उतरून गेला. आता कारखान्यात कंत्राटावर पाळ्या करतो. ज्याच्याजवळ खोटा कागद होता त्याची सोय झाली आणि ज्याच्याजवळ खरा खेळ होता त्याची वही आम्ही किलोच्या भावाने घातली. पोट कुणाचे भरते विचारता? पोट कुणाचे मारले जाते ते विचारा!

म्हणून गेल्या वर्षी मी फाटकात उभा होतो.

आमच्या या दोन तालुक्यांत खेळाडूंचा दुष्काळ नाही. रायगड जिल्ह्यात कबड्डी मातीतच आहे. गावदेवीच्या जत्रेला दिवे लावून सामने होतात आणि म्हाताऱ्या बायासुद्धा पंचाची चूक काढतात. दुष्काळ आहे तो बातमीचा. इथला चांगला पोरगा मुंबईच्या कॉलेजात जातो. पाठीवर किटची पिशवी, खोपोलीहून कर्जत, कर्जतहून पुढे शंभर किलोमीटर, परत येईतो रात्र. त्याने अर्धशतक काढले की शून्य, हे त्याच्या आळीला कळत नाही. पण २०१४ पासून व्यावसायिक कबड्डी आली, आणि कोणत्या खेळाडूवर लिलावात किती लाख लागले ते आमच्या सातवीतल्या मुलांना पाढ्यांपेक्षा चांगले येते. त्या लीगने कबड्डीला पैसा दिला, मान दिला. तिचा मी वैरी नाही. पण त्याच मुलांना मी विचारले, आपल्या कॉलेजचा कर्णधार कोण? वर्गात चिडीचूप. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला असे दोन्ही जिंकले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या वर्गात हेही एकाच मुलीला ठाऊक होते, आणि ती स्वतः खो-खो खेळते.

मी संग्रहालय मागत नाही. तीनशे पानी बांधीव वही मागतो, वर्षाला एक फोटो आणि फोटोखाली नावे, आणि ती वही कुणाच्याही सहीने रद्दीत जाणार नाही असा ठराव. प्राचार्यांनी घरे गहाण टाकावीत अशी आता अपेक्षाच नाही. एक कपाट गहाण पडू देऊ नये, एवढेच.

भंगारवाल्याकडून मी एक ढाल अखंड सोडवली. चाळीस रुपये पडले. मधल्या पत्र्यावर 'आंतर-महाविद्यालयीन कबड्डी' एवढे शाबूत आहे. भोवती लहान लहान अकरा पत्रे, प्रत्येकावर एका वर्षाच्या कर्णधाराचे नाव. चिंच आणि राख लावून सात नावे वाचता आली. चार येत नाहीत. एकावर आडनावातले शेवटचे 'कर' तेवढे दिसते. ढाल माझ्या ओसरीवर खुंटीला आहे. त्या चौघांपैकी कुणी, किंवा त्यांच्या घरचे कुणी, हे वाचत असेल तर त्यांनी दिवाळीत अवश्य यावे. कर्जत स्टेशनावर उतरून कादंबरीवाल्या मास्तरांचे घर विचारले की कुणीही दाखवील. फराळ आहेच. येताना संघाचा जुना फोटो असला तर तेवढा आणावा. मागच्या रांगेतल्या पोरांची नावे लिहून घ्यायची आहेत.