परक्या पंगतींत

शेवया हा पदार्थ आपल्या घरांत परका नाहीं. भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' ग्रंथांत तिला सेविका असें नांव असून, दुधांत शिजवून तूप-साखरेसह ती खावी असें सांगितलें आहे. उन्हाळ्यांत पाटावर शेवया वळीत बसलेल्या आयाबाया पुष्कळ वाचकांच्या स्मरणांत असतील. तिकडे चीनच्या चिंगहाय प्रांतांत, लाजिया येथील उत्खननांत, पालथ्या पडलेल्या मातीच्या वाडग्याखालीं सुमारें ४००० वर्षांपूर्वींच्या शेवया सांपडल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे आशिया खंडांत ही विद्या फार जुनी आहे. भेद इतकाच कीं, आपण शेवयांस दुधाची संगत दिली आणि चीन-जपानांतील लोकांनीं रश्शाची. आजचा आमचा विषय तो रस्साच आहे.

जपानांत शेवयांचीं लहान लहान दुकानें जागोजाग आहेत. २०२३ सालीं टोकियोच्या निशि-कासाई भागांत, जेथें भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तेथें आमच्या पुतण्याकडे आम्ही पंधरा दिवस राहिलों, तेव्हां अशीं कांहीं दुकानें जवळून पाहावयास मिळालीं. सोबा, उदोन आणि रामेन हे त्यांतील मुख्य प्रकार. सोबा कुट्टूची, उत्तर हिंदुस्थानांत ज्याच्या पुऱ्या उपवासास चालतात तेंच हें कुट्टू. त्यास गव्हासारखा चिकटपणा नाहीं, म्हणून आठ भाग कुट्टूस दोन भाग गव्हाचें पीठ मिसळण्याचा प्रघात आहे. उदोन गव्हाची व जाड. रामेन मूळची चिनी. टोकियोच्या आसाकुसा भागांत १९१० सालीं निघालेल्या 'रायराइकेन' या दुकानाचें नांव तिच्या प्रसाराच्या इतिहासांत आवर्जून घेतलें जातें.

अनेक दुकानांत दारांतच एक यंत्र असतें. त्यांत पैसे टाकून पदार्थाचें बटण दाबावें, चिठ्ठी निघते ती आचाऱ्याच्या हातीं द्यावी, आणि त्याच्यासमोरच्या लांब फळीपाशीं आपल्या जागेवर बसावें. चार मिनिटांत वाडगा पुढें येतो. जेवणारे हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात. 'मी हें नम्रपणें स्वीकारतों' असा त्याचा भाव. मग दहा-पंधरा मिनिटांत जेवण आटोपून, बाहेर उभा असलेल्या मनुष्यासाठीं जागा मोकळी करावयाची. बक्षिसी देण्याची चाल नाहीं. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे भुरका! सुटाबुटांतले गृहस्थ मोठ्यानें भुरके मारीत शेवया ओढतात व कोणी मान वर करून पाहतही नाहीं. कढत शेवई वाऱ्याबरोबर तोंडांत गेली म्हणजे जीभ भाजत नाहीं, आणि कुट्टूचा मंद वासही नाकापर्यंत पोहोंचतो. ताकाच्या कढीचा भुरका मारल्यावांचून ज्यांचें जेवण होत नाहीं, त्यांना यांत शिकण्यासारखें फारसें नाहीं. इंग्रजी रीतभात शिकून जे भुरक्यास अडाणीपणा समजूं लागले, त्यांना मात्र आहे.

सोबाच्या दुकानांतील आणखी एक रीत आम्हांस फार भावली. गार सोबा संपत आली कीं, जेवणाऱ्यासमोर एक झाकणाचें भांडें आणून ठेवतात. त्यांत सोबा उकडलेलें गढूळ, ऊन पाणी असतें. बुडवून खाण्याचा जो झणका रस उरला असेल त्यांत तें घालून पिऊन टाकावयाचें. पुरणाच्या डाळीचा कट फेंकून न देतां त्याची आमटी करणाऱ्या घरांतील मनुष्यास याचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं.

यंत्र, फळी, भुरका, उठण्याची घाई, हा सर्व देशाचार. ज्याच्या दारीं जेवावयाचें त्याचा आचार पाळावा, यांत कमीपणा कसला? पण व्रत ही निराळी वस्तु आहे. आचार पंगतीचा असतो, व्रत ज्याचें त्याचें. आणि या वाडग्यांत व्रताची गांठ वर तरंगणाऱ्या तुकड्यांशीं नसून खालच्या पाण्याशीं असते.

त्या पाण्यास 'दाशी' म्हणतात. तें बहुधा दोन वस्तूंपासून काढतात. 'कोम्बु' हें समुद्रांतील वाळविलेलें शेवाळ. आणि 'कात्सुओबुशि' म्हणजे धुरावर वाळवून लाकडासारखा कठीण केलेला मासा, ज्याचा किसणीवर पातळ कीस काढतात. रस्सा गाळला कीं दोन्हीं वस्तु निघून जातात. उरतें तें आरशासारखें स्वच्छ पाणी. भाजी-सोबा मागितली, वर केवळ रानभाजी दिसली, तरी खालीं मासा असतोच. गार सोबा बुडविण्याच्या रसांतही तो असतो. रामेनच्या खालीं बहुधा डुकराचीं वा कोंबडीचीं हाडें उकळलेलीं असतात. वास्तविक त्या गोडीस मासाच हवा असें नाहीं. टोकियोच्या विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनीं १९०८ सालीं 'उमामी' नांवाची रुचि शोधून काढली ती या कोम्बूमधूनच. आणि तेथील बौद्ध भिक्षु कोम्बु व वाळविलेल्या अळंब्यांवरच आपला रस्सा करीत आले आहेत. अलीकडे टोकियोंत निरामिष रामेनचीं दुकानेंही निघालीं आहेत. परंतु तीं शोधावीं लागतात.

हें सर्व आम्हांस पुतण्यानेंच सांगितलें, आणि तेंही दाराबाहेर उभें राहून. पहिल्या दुकानांत त्यानें आमच्यासाठीं विचारणा केली. आचाऱ्यानें कमरेंत वांकून सांगितलें कीं, या रश्शावांचून देण्यासारखें आमच्याकडे कांहीं नाहीं. आम्हांस त्याचा राग आला नाहीं. खोटें बोलून वाडगा पुढें करणें त्याला अधिक सोपें होतें. दुसऱ्या दुकानांत गार सोबा, किसलेला मुळा व नुसता सोयाबीनचा खारा रस मिळाला. आम्ही तृप्तीनें जेवलों. पुतण्यानें मात्र आपल्यासाठीं रश्शाचा वाडगा मागविला.

"काका," तो म्हणाला, "मी हा रस्सा सहा वर्षें खातों आहें. आईला ठाऊक नाहीं. ती दर वेळीं विचारते, 'तूं तसलें कांहीं खात नाहींस ना?' त्या प्रश्नाला 'नाहीं' एवढेंच उत्तर बसतें."

व्याकरण शिकविण्यांत आमचा जन्म गेला. पण 'ना' या एका अक्षराचें इतकें वजन आम्हांस कोणत्याही पुस्तकांत आढळलें नव्हतें. तो 'ना' प्रश्न विचारीत नाहीं, उत्तर सांगतो.

घरीं परतल्यावर वहिनींनीं तोच प्रश्न आम्हांस केला. आम्हीं म्हटलें, "तें त्याच्याच तोंडून ऐका. मात्र शेवटचा 'ना' गाळून विचारा." रविवारीं मायलेकरांचें फोनवर दीर्घ बोलणें झालें. नंतर दोन दिवस वहिनी कोणाशीं फारशा बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं भाजी निवडतां निवडतां त्यांनीं विचारलें, "तें समुद्रांतलें शेवाळ आपल्याकडे मिळतें का हो? तो आला म्हणजे त्याचा रस्सा करून पाहीन म्हणतें." रस्सा खाणें बरें कीं वाईट, याविषयीं त्यांचें मत बदललेलें नाहीं, आणि तें बदलावें असा आमचा आग्रहही नाहीं.

ज्यांचीं मुलें त्या देशीं जाणार असतील त्यांना आमचें इतकेंच सांगणें आहे. ज्यास निरामिष राहावयाचें असेल त्यानें, वर काय घातलें आहे हें न विचारतां, पाणी कशाचें आहे हें विचारावें; तो प्रश्न तेथील भाषेंत कागदावर लिहून जवळ ठेवावा, आणि नकार आल्यास नमस्कार करून उठावें. ज्यानें व्रत सोडलें असेल त्यानें तें घरीं सांगावें. आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं प्रश्न असा विचारावा कीं, त्याचें खरें उत्तर देण्यास मुलाला जागा राहील. घरचें अन्न त्याला रोज पोहोंचवितां येत नाहीं. ती जागा मात्र आपल्या हातची आहे.