सेलची लिंक, कोल्हापुरी चप्पल आणि आपला शेअर

दसरा जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. एक धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे: दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्या, विहारातले कार्यक्रम, वर्गणी. दुसरे सेलचे, कारण मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचे सेल याच दिवसांत लागतात. 'सत्तर टक्के सूट, फक्त आज रात्रीपर्यंत, लगेच लिंक उघडा.' या दुसऱ्या मेसेजांचा पूर एवढा, की शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख त्यात वाहून जाते. ग्रुपचं नाव मात्र 'जय भीम'ने सुरू होतं.

स्वस्तात खरेदी करणं हा गुन्हा आहे असं आम्ही म्हणत नाही. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि वस्तीतल्या पोरांच्या हातात पहिल्यांदा जग आलं. 2022 च्या ऑक्टोबरपासून 5जी आलं. सेलमध्ये घेतलेल्या मोबाईलवर आपली कित्येक मुलं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. शिवाय ऑनलाइन दुकान आडनाव विचारत नाही, गल्ल्यावरून वरपासून खालपर्यंत न्याहाळत नाही. ज्यांच्या आजोबांना दुकानाच्या पायरीखाली उभं राहून सामान घ्यावं लागलं, त्यांना याची किंमत कळते. आमचा प्रश्न खरेदीचा नाही, शेअरचा आहे.

डीलची लिंक चालते कशी? लिंक टाकणाऱ्याचा एक कोड त्या लिंकमध्ये असतो. तुम्ही त्यावरून वस्तू घेतली, की त्याला थोडं कमिशन मिळतं. तोच मेसेज आपण पुढे पाच ग्रुपवर ढकलतो तेव्हा आपल्याला दमडीही मिळत नाही, कंपनीची जाहिरात मात्र फुकटात होते. लोक लिंक का उघडतात? 'आपल्या दादानं टाकलंय, म्हणजे खरं असणार.' हा विश्वास त्या दादाला मोर्चातून, विहारातून, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावून गेल्यामुळे मिळालेला असतो. चळवळीनं कमावलेली ही पत आपण कंपन्यांना फुकट वापरू देतो. 'फक्त आज रात्रीपर्यंत' अशी खोटी घाई लावणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, असं केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 च्या नोव्हेंबरमध्ये नियम काढून सांगितलं आहे. तीच घाई आपण आपल्याच माणसांना लावतो.

आपली पत कोणासाठी वापरायची, याचा धडा याच कोल्हापुरात घडला आहे. गंगाराम कांबळे यांना अस्पृश्य म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांच्या मदतीनं त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथं गेले, चहा प्याले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. छत्रपतींनी आपली सारी प्रतिष्ठा एका अस्पृश्याच्या धंद्यामागे उभी केली. आजच्या भाषेत सांगायचं तर तो शेअर होता.

1920 साली 'मूकनायक' निघालं. महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. 'केसरी'नं मात्र पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेबांना विकतही न मिळालेली जागा आज आपल्या खिशात आहे. तिथं आपण काय छापतो?

आता चप्पल बघा. सेलच्या लिंकांमध्ये 'कोल्हापुरी' नावाची रेक्झिनची चप्पल दोन-तीनशे रुपयांत दिसते. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, हाताची शिलाई, कित्येक दिवसांचे कष्ट, यातलं काहीही तिच्यात नसतं. खरी कोल्हापुरी करणारे हात प्रामुख्यानं चर्मकार आणि ढोर समाजाचे. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. नकलेची लिंक पुढे पाठवताना आपण सुभाषनगरातल्या कारागिराच्या ताटातलं काढून घेतो. आपापल्या जातीपुरतं बघणं हीच तर जातिव्यवस्थेची शिकवण. तो चर्मकार, आपण बौद्ध, मग आपल्याला काय, असं म्हणणाऱ्यानं बाबासाहेबांचं नाव घेऊ नये.

शेअरमध्ये ताकद नाही असं कोणी म्हणू नये. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये अगदी कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, पण कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. सोशल मीडियावर गदारोळ झाला, आणि ही प्रेरणा भारतातली असल्याचं कंपनीला लेखी मान्य करावं लागलं. परदेशी कंपनीला नमवणारं तेच बोट दुसऱ्या दिवशी नकली चपलेची लिंक पुढे ढकलतं, हे कसं चालेल?

म्हणून प्रत्येक ग्रुपनं चार नियम करावेत.

एक, लिंकमधून कमिशन मिळत असेल तर टाकणाऱ्यानं ते उघड सांगावं.

दोन, सेलच्या लिंकांसाठी वेगळा ग्रुप असावा. 14 एप्रिल, 6 डिसेंबर आणि अशोक विजयादशमीला त्या पूर्ण बंद.

तीन, शिष्यवृत्ती, स्वाधार योजना आणि वसतिगृह प्रवेशाच्या तारखा ग्रुपवर कायम वर पिन केलेल्या असाव्यात.

चार, आठवड्यातून एकदा तरी आपल्या माणसाच्या धंद्याची माहिती फिरवावी: चप्पल कारागीर, शिवणकाम करणारी ताई, नवं पुस्तक काढणारा प्रकाशक.

कारागिराच्या व्हिडिओला आता वेळ लागत नाही. सुभाषनगरात काढलेला व्हिडिओ मिनिटभरात नागपूरला पोचतो. वेग आपल्याला मिळाला आहे. दिशा आपण ठरवायची आहे. पुढची लिंक पाठवण्याआधी एवढंच विचारा: यातून कोणाचं घर चालणार आहे?

जय भीम!