घासाघीस कुणाशी करायची?

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारली, की पितळी कुलपं, नळाच्या तोट्या आणि बंद मिक्सरच्या ढिगात एखादा फिल्म कॅमेरा हटकून सापडतो. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर ते काचेच्या कपाटात मांडलेलेही दिसतात. या मालाला अलीकडे तरुण गिऱ्हाईक लाभलं आहे. मोबाइलवर हजारो फोटो काढून कंटाळलेली ही मुलं छत्तीस फोटोंचा रोल जपून वापरतात, विक्रेत्याशी हुज्जत घालून भाव पाडतात आणि मग तो कॅमेरा घेऊन मेकॅनिककडे जातात. तिथेही घासाघीस सुरू होते. घोडं पेंड खातं ते इथे. दीड हजाराच्या कॅमेऱ्याला सर्व्हिसिंगचे दोन हजार सांगितले की गिऱ्हाइकाला लुबाडल्यासारखं वाटतं. खरं तर त्या दोन हजारांतच कॅमेरा विकत मिळतो. आधीचे दीड हजार नुसत्या सांगाड्याचे.

मेकॅनिक करतो काय, ते एकदा शेजारी बसून पाहावं. आधी तो शटरचा वेग एक सेकंदावर ठेवतो, बटण दाबतो आणि कान देतो. आतून एकसारखी किरकिर आली तर गिअर ठीक. मध्येच अडखळली, तर वंगण सुकून घट्ट झालं आहे. मग मागचं दार उघडतो. दाराच्या खाचेतला काळा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटला, तर प्रकाश आत शिरणार आणि फोटोवर लाल-पिवळे पट्टे उमटणार. शेवटी लेन्समधून टॉर्च मारतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत वाढलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये पांढरे तंतू दिसले नाहीत, तर नशीब म्हणायचं. ही बुरशी काचेवरच्या लेपावर वाढते आणि आम्ल सोडून तो लेप खाते. बुरशी पुसता येते, पण तिने काचेवर पाडलेला डाग कायमचा. म्हणून पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कोंडून ठेवणं हा त्याचा सर्वांत वाईट पाहुणचार. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या यांना खर्च फारसा येत नाही.

काही कामं घरी जमतात. सडलेला स्पंज स्पिरिटने पुसून नवी पट्टी चिकटवणं त्यातलंच. यशिका एमएफ-२ च्या कप्प्यात सेल फुटून साचलेला पांढरा थर व्हिनेगरच्या बोळ्याने निघतो. जुन्या जपानी कॅमेऱ्यांना लागणारे १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल आता बनत नाहीत. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा साधा सेल घातला की मीटर चुकतं. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल. तो सुमारे १.४ व्होल्टचा असतो आणि रबरी रिंग लावली की जागेवर बसतो. दोन-तीन महिन्यांत संपतो, इतकंच.

याच्या पुढे मात्र हात आवरावा. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक राहू शकतो. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस या जपानी मानकाच्या मापाचे असतात. बाजारातल्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने त्यांची खाच झिजते आणि पुढच्या माणसाचं काम दुप्पट होतं. अडकलेल्या शटरवर गंज काढायचा स्प्रे मारणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! शटर दोन दिवस चालतं, मग तेच तेल पात्यांवर पसरून बसतं. सोव्हिएत झोर्की-४ चं शटर चढवण्याआधी वेगाचं चक्र फिरवलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते, हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं.

कमी पैशात हौस करायची असेल, तर निवड सरळ आहे. पेंटॅक्स के-१००० हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिला. त्याचं शटर सेलशिवाय चालतं, सेल लागतो फक्त मीटरला. त्याच १९७६ सालचा कॅनन एई-१ हाताळायला सुखाचा, पण सेल संपला की मुका. त्याचं सर्किट गेलं, तर दुसऱ्या मेलेल्या एई-१ मधूनच काढावं लागतं. नवे सुटे भाग कुणी बनवत नाही, त्यामुळे बंद कॅमेरे हेच या धंद्याचं गोदाम. ते कॅफेच्या भिंतीवर खिळ्याला टांगले जातात तेव्हा वाईट वाटतं.

आणि जमवायचं काय? २०२२ मध्ये लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांचा स्वतःचा कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. चोर बाजारात मिळणारा सोनेरी, गरुड कोरलेला ‘जर्मन लायका’ बहुतेक वेळा झोर्की किंवा फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यावर मुलामा चढवून बनवलेला असतो. त्यापेक्षा बडोद्यात बनलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री घ्यावा. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो देणाऱ्या या डबड्याने मध्यमवर्गीय घरांतली कितीतरी बारशी आणि मुंजी टिपल्या. तो रोल आजही मिळतो. मुंबईचे दिलीश पारेख यांनी ४,४२५ कॅमेरे जमवून गिनीज बुकात नाव नोंदवलं. पण सगळ्यांनी तेवढे जमवायची गरज नाही. चार चालते कॅमेरे चाळीस बंद कॅमेऱ्यांहून बरे.

खरी टंचाई हातांची आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा बनवायचं जाहीर केलं, तेव्हा निवृत्त झालेल्या जुन्या इंजिनिअरांना बोलावून तरुणांना शिकवावं लागलं. त्यातून २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ बाजारात आला. पेंटॅक्सला बोलवायला निवृत्त माणसं तरी होती. आपल्याकडे फोर्टच्या बोरा बाजारात किंवा पेठेतल्या एखाद्या जिन्याखाली बसणाऱ्या मेकॅनिकच्या शेजारी शिकाऊ पोरगा क्वचितच दिसतो. पोराला मोबाइल दुरुस्तीत जास्त पैसे मिळतात, त्याचं चुकलं तरी काय?

फोटोग्राफी क्लबांनी यात लक्ष घालायला हवं. मेकॅनिकला महिन्याला पाच-सहा कॅमेऱ्यांचं काम, दर ठरलेला, आगाऊ रक्कम हातात, आणि शिकायला एक सदस्य शेजारी बसलेला. दुरुस्ती सुरू असताना मोबाइलवर चित्रण करायचं, त्याचे पैसे वेगळे द्यायचे. फी जमवून प्रदर्शन भरवणाऱ्या क्लबांना एवढा खर्च जड नाही. आणि ज्यांच्या माळ्यावर बंद एमएफ-२ धूळ खात पडला आहे, त्यांनी तो भंगारवाल्याला द्यायच्या आधी मेकॅनिकला विचारावं. त्याला त्यातली एखादी स्प्रिंग कित्येक दिवसांपासून हवी असते.