मोडीचा दाखला आणि धारवाडची दप्तरे
ज्या धारवाडात कन्नडचे वरकवी बेंद्रे घरी मराठी बोलत आणि मराठीचे कथाकार जी. ए. कुलकर्णी महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत, तेथे लग्नपत्रिकेची एक बाजू कन्नडात व दुसरी बाळबोधीत छापलेली पाहून कोणी चकित होत नाही. आणि म्हणूनच संगणकाने कोणत्या अक्षरास कोणता अंक द्यावा, हा वरकरणी तंत्रज्ञांचा वाटणारा प्रश्न या मुलखात निव्वळ व्यवहाराचा ठरतो.

१९९१ साली मुक्रर झालेल्या ‘इस्की’ या भारतीय संहितेत ब्राह्मीकुलातील प्रमुख भारतीय लिप्यांच्या ‘क’ला एकच अंक होता, आणि मजकूर कन्नड की देवनागरी हे निराळ्या खुणेवरून ठरे. ही काटकसर मोहक होती खरी. परंतु ती खूण गहाळ झाली की आमच्या पत्रिकेची दोन्ही अंगे एकाच लिपीत उमटणार! त्याच वर्षी अवतरलेल्या युनिकोडने प्रत्येक लिपीस स्वतंत्र वतन दिले, आणि माझ्या मते हाच निवाडा योग्य होता. त्यातही मौज अशी की इस्कीची वर्णव्यवस्था त्याने मोडली नाही: देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१, आणि हेच ८९६चे अंतर थेट ‘ळ’ व ‘ह’पर्यंत कायम असल्यामुळे लिप्यंतर हे मुख्यतः बेरीज-वजाबाकीचेच काम राहते.

हुबळीचे सरकारी नाव बदलले त्याच वर्षी, २०१४च्या जूनमध्ये, अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावानुसार मोडीही युनिकोडात दाखल झाली. पेशवाईत आणि इंग्रजी अमलाच्या आरंभी येथील महसुली कारभार मोडीत चाले. तथापि त्या कागदांची छायाचित्रे घ्यावीत, फार तर बाळबोधीत नक्कल उतरवावी, की काम फत्ते, असा प्रघात पडला आहे. मोडी लिहिणारा कारकून ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध सहसा बाळगीत नसे; नक्कल करणारा मात्र बाळबोधीच्या शिस्तीपायी प्रत्येक वेलांटीचा निर्णय स्वतःच करतो, आणि मूळ लेखकाने न केलेले हे निर्णय पुढे अस्सल म्हणून खपतात. तेव्हा छायाचित्र व बाळबोध नक्कल यांच्या जोडीला मूळ मजकूर मोडीच्याच अंकांत, जसा दिसतो तसा, उतरवून ठेवणे हे दप्तरखान्यांचे कर्तव्य मानले पाहिजे. मोडी अक्षरास युटीएफ-८ पद्धतीत चार बाइट लागतात, देवनागरीस तीन. हा जादा खर्च परवडत नाही असे म्हणणाऱ्याने एका पानाच्या छायाचित्रास किती लागतात, याचा हिशेब आधी मांडावा.