फोटोतली म्हातारी

परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर ब्लँकेटवाटपाचे फोटो आले. म्हातारीची मान खाली, देणारे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत! म्हणे, इतरांना प्रेरणा मिळते. मग त्यासाठी तिचा चेहरा कशाला हवा?

ज्यूंच्या धर्मग्रंथात शेताचा कोपरा न कापता सोडायची आज्ञा आहे. गरिबाने यावं, स्वतः कापून न्यावं. समारंभच नाही! बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची, माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं. तिच्या खालोखाल, देणारा-घेणारा दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसणं.

पण मी तरी काय वेगळं केलं? वर्षानुवर्षं गरीब मुलांना नाव पुकारून स्टेजवर वह्या दिल्या. एकदा एक मुलगी रडली. मला वाटलं, आनंदाने! त्या वह्या गुपचूप तिच्या दप्तरात ठेवता आल्या असत्या.