अश्रूंचा आणि जमिनीचा हिशेब

अमृतसरच्या टाउन हॉलमधून इंग्रजी अमदानीत नगरपालिकेचा कारभार चाले. जालियनवाला बागेनजीकच्या या इमारतीत १७ ऑगस्ट २०१७ रोजी फाळणी संग्रहालय सुरू झाले. १९४७ साली याच तारखेला रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला होता. पूर्वी कधीही भारतात न आलेल्या एका वकिलाने सुमारे पाच आठवड्यांत आखलेल्या रेषेने एक कोटीहून अधिक माणसे मुळासकट उखडली.

फुलकारीचा कोट, चामड्याची बॅग, वृद्धांच्या ध्वनिमुद्रित आठवणी पाहता-ऐकता मन हेलावते. परंतु निव्वळ हळहळ ही विश्वासार्ह सोबती नव्हे. ती सहज द्वेषाच्या दावणीला बांधता येते. २०२१ पासून १४ ऑगस्ट हा फाळणीच्या यातनांचा स्मृतिदिन म्हणून सरकारी पातळीवर पाळला जातो. अशा वेळी अश्रूंइतकाच हिशेबही महत्त्वाचा ठरतो.

हा हिशेब जमिनीचा आहे. पश्चिम पंजाबात हिंदू-शिखांनी मागे टाकलेली जमीन पूर्व पंजाबात मुसलमानांनी सोडलेल्या जमिनीपेक्षा बरीच अधिक होती. तूट वाटून घेणे भागच होते. पुनर्वसनाचे प्रमुख तरलोक सिंग यांनी त्यासाठी चढती कपात योजली. पहिल्या दहा एकरांवर पंचवीस टक्के, तर पाचशे एकरांवरील जमिनीवर पंचाण्णव टक्के! स्वतंत्र भारतातील समतेच्या दिशेने पडलेले हे एक मोठे पाऊल निर्वासितांच्या छावण्यांतून पडले, हे विसरता कामा नये.

मात्र या कायम वाटपाचा पाया पूर्वीची मालकी हाच होता. ज्याच्या नावावर तिकडे जमीनच नव्हती, त्याने दावा कशाचा मांडायचा? डिसेंबर १९४७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. हलकी कामे व शेतमजुरी करण्यासाठी हवेत म्हणून पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना भारतात येऊ देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. इकडील निर्वासित छावण्यांत त्यांच्याबाबत होणाऱ्या भेदभावाकडेही त्यांनी लक्ष वेधले. धर्माच्या नावाने रेषा आखली गेली. जात मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना शाबूत राहिली.

म्हणून पंजाबात जाणाऱ्या कार्यकर्त्याने हे संग्रहालय अवश्य पाहावे. तेथील प्रत्येक वस्तूसमोर दोन प्रश्न विचारावेत: हिच्या मालकाने काय गमावले, आणि गमावण्याजोगे काहीच नसलेल्याची नोंद कोणत्या दालनात आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच समाजवादी चळवळीचे काम आहे.