प्रिंटरची किल्ली कोणाकडे?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग भागातील जुन्या शाळांमध्ये चाचणी परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांपासून बोनाफाइड दाखल्यांपर्यंत बरेच काही आता शाळेतच छापले जाते. मात्र नवा प्रिंटर जोडायला गेले की संगणक प्रशासकाचा पासवर्ड मागतो. पूर्णवेळ तंत्रज्ञ ठेवणे प्रत्येक शाळेला परवडत नाही. मग शिक्षकांनाच प्रशासकाचे अधिकार देऊन टाकावेत, असा सोपा मार्ग पुढे येतो. तो सोपा असला, तरी धोक्याचा आहे.

या अडचणीचे मूळ २०२१ मध्ये आहे. त्या वर्षी जूनअखेरीस विंडोजच्या प्रिंट स्पूलर सेवेतील 'प्रिंटनाइटमेअर' हा दोष उघड झाला. नेटवर्कवरील साधा वापरकर्ताही प्रिंटर ड्रायव्हरच्या नावाखाली घातक प्रोग्राम घुसवून संगणकाचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने जुलैमध्ये तातडीची दुरुस्ती दिली आणि १० ऑगस्टच्या अद्ययावतीकरणाने ड्रायव्हर बसविण्याचा अधिकार मूळ रचनेतच प्रशासकापुरता मर्यादित केला. याच सेवेतील अन्य एका त्रुटीचा फायदा २०१० मध्ये स्टक्सनेटनेही घेतला होता.

शाळांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. 'यू-डायस प्लस'वर भरायची विद्यार्थ्यांची माहिती, गुण, आधार क्रमांक याच संगणकांवरून हाताळले जातात. प्रशासकाचा पासवर्ड स्टाफरूममध्ये सर्वतोमुखी झाला की या साऱ्याचे दार उघडते.

वस्तुतः येथे दोन अधिकारांची गल्लत होते. रांगेत अडकलेली छपाई रद्द करणे किंवा प्रिंटर पुन्हा सुरू करणे, यासाठी विंडोज सर्व्हरवर त्या एका प्रिंटरपुरता अधिकार शिक्षकांना देता येतो. 'प्रिंट ऑपरेटर्स' या तयार गटात मात्र त्यांना घालू नये. नाव साधे असले, तरी त्या गटातील सदस्यांना नेटवर्कच्या मुख्य सर्व्हरवरही प्रवेश मिळतो. ड्रायव्हर तंत्रज्ञाने तपासून सर्व संगणकांवर आधीच बसवून ठेवावेत. नवी खरेदी करताना कंपनीच्या स्वतंत्र ड्रायव्हरविना चालणारे प्रिंटर निवडावेत. अशा ड्रायव्हरचा पाठिंबा टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केले आहे.

एकाच परिसरातील तीन-चार शाळांनी मिळून एक तंत्रज्ञ नेमला, तरी हे साधण्यासारखे आहे. शिक्षकांवर अविश्वास दाखविण्याचा हा प्रश्न नाही. कामापुरता अधिकार देणे हीच मुलांच्या माहितीची खरी राखण आहे.